पाणी वाहतंय, तरी डोळा कोरडा

दर रविवारी इथे सकाळचे अकरा वाजले की आत्याचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे सांगलीत तेव्हा, हिवाळा असेल तर, साडेचार वाजलेले असतात आणि तिचा चहा नुकताच झालेला असतो. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये अशाच एका कॉलवर ती बोलताबोलता सारखी पदराने उजवा डोळा टिपत होती. माझी आई तेव्हा माझ्याकडे आली होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "वन्सं खचल्यात गं. दाखवत नाहीत, पण आतून रडतायत."

तसं वाटणं साहजिकच होतं. त्याच वर्षी आत्याला गालाच्या हाडामागच्या सायनसचा कॅन्सर निघाला होता. आधी ऑपरेशन झालं, मग साडेसहा आठवडे रेडिएशन. आमच्याकडे अजूनही याला 'लाईट घेणं' म्हणतात. उपचार उत्तम झाला होता, स्कॅन स्वच्छ आला होता. पुढच्या रविवारी मी विचारलंच, तर ती हसली. "रडतेय कुठली! डोळ्याला धारच लागलीय. वारा लागला की जास्तच. आणि आत कच आल्यासारखं खुपतं."

आता मी जे उत्तर दिलं ते लिहिते, कारण हा लेख त्याच्यासाठीच आहे. मी म्हटलं, "अगं, रेडिएशननंतर डोळे कोरडे पडतात असं मी वाचलंय. तुझ्या डोळ्याला तर पाणी येतंय. म्हणजे चांगलंच आहे की!"

मी डॉक्टर आहे खरी, पण पीएचडीची. घरच्यांना हा फरक सोयीस्करपणे विसरायला आवडतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडतं. आत्याने माझं ऐकलं आणि तीन आठवडे डोळा टिपत राहिली. मग एक दिवस त्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं तेव्हा माझ्या आतेभावाने तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, जखम झाली होती. कारण काय, तर डोळा कोरडा. धार लागलेला, पदर भिजवणारा, पण कोरडा.

हे कसं शक्य आहे, ते समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील, सासूसासरे तिकडे रेडिएशन घेत असतील किंवा घेऊन मोकळे झाले असतील, तर त्यांच्यासाठी हे तुम्हाला माहीत असावं.

आधी अश्रू म्हणजे काय ते पाहू. आपण रडतो ते पाणी हा त्यातला अगदी छोटा भाग. खरं काम करतो तो डोळ्यावर कायम पसरलेला एक थर. त्याची जाडी साधारण तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीसेक पट कमी. एका डोळ्यात एका वेळी जेमतेम सात मायक्रोलिटर पाणी असतं; एका थेंबात असे चारपाच डोळे भागतील. इतक्या पातळ थरातही रचना आहे. अगदी खाली, डोळ्याला चिकटून, बुळबुळीत म्यूसिन. त्याच्यामुळे पाणी घरंगळून न जाता पसरतं. त्यावर क्षार आणि प्रथिनं विरघळलेलं पाणी. आणि सगळ्यात वर तेलाचा पातळ तवंग, बाष्पीभवन रोखणारा. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. दोन्ही पापण्या मिळून एका डोळ्याला या ग्रंथी पन्नासच्या आसपास असतात. पाण्याचा मोठा वाटा येतो तो मुख्य अश्रुग्रंथीतून. ती बदामाएवढी असते आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत बसलेली असते. बोट लावून बघा, त्या हाडाच्या मागेच ती आहे.

या पाण्यात जंतूंच्या भिंती फोडणारं लायसोझाइम नावाचं विकर असतं. पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, हे विकर जगापुढे आणलं. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून ते स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचे. प्रयोगशाळेत ज्युनियर असण्याचे तोटे तेव्हाही होतेच!

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे तिला प्राणवायू मिळतो तो हवेतून, या अश्रूंच्या थरात विरघळून. शिवाय डोळ्याची भिंगासारखी पहिली गुळगुळीत पृष्ठभूमी हा थरच असतो. तो विस्कटला की नजर धुरकट होते, पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ होते, पुन्हा धुरकट. थर फारच बिघडला तर कॉर्नियाच्या वरच्या पेशी सुटायला लागतात, जखम होते, तिथे जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि जखम भरली तरी पांढरा डाग उरू शकतो. म्हणून 'डोळे जरा कोरडे झालेत' हे वाक्य, रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या बाबतीत, हलक्यात घ्यायचं नाही.

आता रेडिएशन. त्याचं माप ग्रे या एककात असतं. एका किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की झाला एक ग्रे. ही ऊर्जा उष्णता म्हणून अगदीच किरकोळ आहे. 'शेक दिला' असं आपल्याकडे म्हणतात खरं, पण त्यात भाजण्यासारखं काही नसतं. नुकसान होतं ते पेशींच्या डीएनएचं. रोज दोन ग्रेच्या आसपास, आठवड्याचे पाच दिवस, असं करत आत्याच्या ट्यूमरच्या जागेला एकूण ६६ ग्रे दिले गेले. अशा सायनसचं छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची जमीन. ट्यूमरचा कोपरान् कोपरा झाकायचा तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला थोडाफार त्रास होणारच.

अश्रुग्रंथी किती सहन करते? १९९४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्या जुन्या रुग्णांची माहिती तपासून पाहिली. ज्यांच्या डोळ्याच्या खोबणीला ३० ग्रेपर्यंत मात्रा मिळाली होती त्यांच्यात तीव्र कोरडेपणा आढळला नाही. ज्यांना ५७ ग्रे किंवा त्याहून जास्त मिळाली होती त्यांच्यात तो सगळ्यांना झाला. मधला चढ बराच उभा आहे. आज युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत अश्रुग्रंथीची सरासरी मात्रा २५ ग्रेच्या आत ठेवायला सांगितलेलं असतं. तुलनेसाठी, डोळ्याच्या नसेला साधारण ५४ ग्रेपर्यंत चालवून घेतात. म्हणजे ही बदामाएवढी ग्रंथी नसेपेक्षाही नाजूक आहे. पण आराखडा बनवताना पहिला मान नसेला आणि मेंदूला, आणि तो असायलाच हवा. ट्यूमर दोन मिलिमीटरवर असताना अश्रूंसाठी कुणी मात्रा कमी करणार नाही. आत्यालाही मी हेच सांगितलं: तिथे कुणाचं चुकलेलं नाही. तो सौदा होता, आणि सौदा बरोबर होता. फक्त त्याची किंमत आपल्याला आधी माहीत असायला हवी होती.

इथे एक कोडं आहे, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याचा मोह आवरत नाही. बेर्गोनिए आणि ट्रिबाँदो या दोन फ्रेंच संशोधकांनी १९०६ साली नियम मांडला, की ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरणांचा फटका जास्त. कॅन्सरवर रेडिएशन चालतं त्याचं ढोबळ कारण हेच. पण अश्रुग्रंथीच्या (आणि लाळग्रंथीच्याही) पाणी बनवणाऱ्या पेशी क्वचितच विभागतात. नियमानुसार त्या दणकट असायला हव्यात. प्रत्यक्षात त्या फार लवकर काम सोडतात. यावर अजून वाद आहे. सध्या जे मानलं जातं ते असं: आधी पेशी मरत नाहीत, त्यांची पाणी सोडण्याची यंत्रणा बिघडते. मग ग्रंथीच्या नलिकांजवळच्या मूळपेशी मेल्यामुळे नवी भरती थांबते. आणि पुढे महिन्या-वर्षांत रक्तवाहिन्या अरुंद होऊन ग्रंथीत तंतुमय वण तयार होतो. म्हणून हा त्रास उपचार चालू असताना थोडा, मग जरा बरा, आणि सगळे निर्धास्त झाल्यावर पुन्हा जोरात, असा येऊ शकतो. पापण्या किरणांच्या वाटेत आल्या असतील तर तेलाच्या ग्रंथीही सुकतात. मग जे काही पाणी बनतं तेही लवकर उडून जातं.

आता मूळ प्रश्न: मग धार कसली? कॉर्नियात मज्जातंतूंची टोकं शरीरात इतरत्र क्वचितच असतात इतकी दाट असतात. थर फाटला, कॉर्निया उघडी पडली, की ती टोकं मेंदूकडे बोंब मारतात. मेंदू दोन्ही अश्रुग्रंथींना हुकूम सोडतो: पाणी! आजारी ग्रंथीत थोडी जरी ताकद शिल्लक असेल तरी ती एकदम पाणी सोडते. पण हे कांदा चिरताना येतं तसलं पाणी. त्याला धरून ठेवायला खाली पुरेसा म्यूसिन नाही, वर तेल नाही. ते गालावर ओघळतं आणि मिनिटभरात डोळा पुन्हा उघडा. कोरडवाहू जमिनीवर वळवाचा पाऊस पडावा तसं. ओढ्याला पूर येतो, पण रान तहानलेलंच राहतं.

मी लेटरकेनीत राहते. डोनेगलचा वारा कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. मॅलिन हेडच्या वेधशाळेचे आकडे रेडिओवर ऐकू येतात तेव्हा हसू येतं. त्या हिवाळ्यात मी बाहेर पडले की माझ्याही डोळ्यांना धार लागायची, आणि घरात हीटिंगपुढे बसलं की डोळे चुरचुरायचे. रोज स्वतःच्या अंगावर तोच प्रयोग होत होता, तरी मला आत्याचं उत्तर सुचलं नाही.

पण थांबा, गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. 'रेडिएशननंतर धार म्हणजे कोरडेपणा' एवढंच लक्षात ठेवलंत तर तुम्ही माझीच चूक उलट्या बाजूने कराल. कारण डोळ्याला धार लागण्याचं दुसरंही कारण आहे: गटार तुंबणं. वापरून झालेले अश्रू पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला असलेल्या दोन बारीक छिद्रांतून अश्रुपिशवीत आणि तिथून नळीने नाकात जातात (रडलं की नाक वाहतं ते म्हणूनच). आत्यासारख्या रुग्णांत ही नळी ऑपरेशनच्या किंवा किरणांच्या वाटेतच असते आणि वणामुळे बंद होऊ शकते.

आणखी एक रस्ता आहे, तो फारच अनपेक्षित. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन देतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांना ते ठिकाण याच उपचारामुळे माहीत आहे. रुग्ण आयोडीन-१३१ गिळतो, थायरॉइडच्या पेशी ते शोषून घेतात, त्यातले किरण तिथल्या तिथे काम करतात. आठ दिवसांत त्याची तीव्रता निम्मी होते. पण आयोडीन आत ओढून घेणारं जे प्रथिन थायरॉइडमध्ये असतं, तेच अश्रुपिशवीच्या आणि नळीच्या अस्तरातही सापडतं. त्यामुळे मोठी मात्रा घेतलेल्या थोड्या रुग्णांत, कधी काही महिन्यांनी, कधी वर्षभराने, ही नळी सुजून बंद होते. गळ्याचा उपचार घेतला आणि डोळा वाहायला लागला, याचा संबंध कुणाला सुचणार? रुग्णाला नाही, आणि संबंध सांगितला नाही तर डॉक्टरांनाही नाही.

हे दोन्ही प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात. आणि त्यांचे उपाय नेमके उलटे आहेत. कोरडेपणात आहे ते पाणी टिकावं म्हणून त्या दोन छिद्रांना मुद्दाम सूक्ष्म बुचं बसवतात. नळी बंद असेल तर ऑपरेशन करून नवा मार्ग उघडतात. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. कधीकधी एकाच डोळ्यात दोन्ही असतं: ग्रंथी सुकलेली आणि नळीही बंद. तेव्हा बंद नळी उघडली तर उरलंसुरलं पाणीही वाहून जाईल. हे सगळं रविवारच्या कॉलवर, मोबाइलच्या पडद्यावर बघून ठरवता येत नाही.

ठरवायला लागणारी साधनं मात्र फार भारी नाहीत. ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरने १९०३ मध्ये सुचवलेली चाचणी आजही वापरतात: पाच मिलिमीटर रुंद टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती ओली होते ते मोजायचं. दहा मिलिमीटरच्या वर गेली तर ठीक, पाचच्या आत राहिली तर काळजी. आत्याच्या डाव्या डोळ्याची पट्टी चौदावर गेली. उजव्याची, त्या धार लागलेल्या डोळ्याची, दोनवर थांबली. मग पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं की कॉर्नियाचे सोललेले भाग हिरवे चमकतात. नळी मोकळी आहे का ते सलाइन सोडून बघतात. घशात खारट लागलं तर मोकळी. आत्याला खारट लागलं.

लेटरकेनीतून हे लिहिताना मला रस्त्यांचा विचार येतो. डोनेगलच्या रुग्णांना रेडिएशनसाठी वर्षानुवर्षं गॉलवे किंवा डब्लिन गाठावं लागायचं. गॉलवे इथून गाडीने चारएक तास. २०१६ च्या शेवटी डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयात नॉर्थ वेस्ट कॅन्सर सेंटर सुरू झालं, दोन्ही सरकारांनी मिळून उभारलेलं. तेव्हापासून बरेच जण पस्तीसेक किलोमीटरवर, सीमा ओलांडून, दुसऱ्या देशात जाऊन रोजचा डोस घेऊन जेवायला घरी येतात. कुडाळ-सावंतवाडीच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. त्यांचं मोठं हॉस्पिटल गोव्यात बांबोळीलाच असतं. पण उपचार एका बाजूला आणि आयुष्य दुसऱ्या बाजूला असलं की कागद मागे राहतात. आपलं तर विचारूच नका. लाईट मुंबईत घेतलेली, नंतर मुलाकडे सहा महिने आयर्लंडला, डोळा दुखला म्हणून इथल्या ऑप्टिशियनकडे. त्याला कसं कळणार की या बाईंच्या उजव्या खोबणीला तीन वर्षांपूर्वी किती ग्रे मिळाले?

म्हणून उपचार संपताना रेडिएशनचा सारांश मागून घ्या: कुठल्या भागाला, एकूण किती ग्रे, किती दिवसांत. डोकं, चेहरा, नाक, सायनस किंवा डोळ्याच्या आसपासचा उपचार असेल तर अश्रुग्रंथीची सरासरी मात्रा किती आली तेही विचारा. आजकाल संगणकाच्या आराखड्यातून हा आकडा काढता येतो. फोनमध्ये फोटो ठेवा. आणि डोळ्याची कुठलीही तक्रार घेऊन जाल तेव्हा पहिलं वाक्य हे असू द्या: 'इथे रेडिएशन झालेलं आहे.' पाच वर्षं झाली असली तरी.

थेंबांबद्दल एक गोष्ट, कारण आपल्याकडे ही खोड आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत डोळ्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्या असतातच. दिवसातून आठ-दहा वेळा घालायचे असतील तर ते प्रिझर्वेटिव्ह नसलेलेच हवेत. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्वेटिव्ह एरवी चालून जातं, पण उघड्या पडलेल्या कॉर्नियाला तेच सोलतं. स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने तर अजिबात नकोत. गुलाबपाणी, मध, काजळ, एरंडेल यांना या डोळ्यात जागा नाही, कितीही प्रेमाने दिलं असलं तरी. आणि दुखणं अचानक थांबलं म्हणून आनंदू नका. कॉर्नियाचे मज्जातंतूही किरणांनी किंवा दीर्घ कोरडेपणाने बोथट होतात. मग जखम असते आणि दुखत नाही. डोळा लाल, नजर कमी, उजेड सहन होत नाही, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

पुढे काय? खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले आहेत. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, त्यामुळे ट्यूमरच्या पलीकडचं वाचवता येतं. पण ट्यूमर ग्रंथीला खेटूनच असेल तर प्रोटॉनही जादू करत नाहीत. मला जास्त उत्सुकता आहे ती उट्रेक्टच्या ह्युब्रेख्ट इन्स्टिट्यूटमधल्या कामाची. २०२१ मध्ये त्यांनी माणसाच्या अश्रुग्रंथीच्या पेशी भांड्यात वाढवून चिमुकल्या ग्रंथी बनवल्या आणि त्यांना नॉरअॅड्रिनलिन दिलं. त्या रडल्या. बाहेर जायला नलिका नसल्यामुळे अश्रू आतच साठून त्या फुग्यासारख्या फुगल्या. रुग्णाच्या डोळ्यात अशा पेशी लावण्याची गोष्ट अजून लांब आहे, पण मी तो व्हिडिओ आत्याला पाठवला. तिने उत्तरात लिहिलं, "ह्यांना कुणी रडवलं?"

तिची जखम भरली. मध्ये छोटा डाग राहिला आहे, नजरेच्या रेषेच्या जरा बाजूला, त्यामुळे वाचता येतं. रात्री मलम, दिवसा जेल, बाहेर जाताना कडेने बंद असलेला चष्मा. खालच्या छिद्राला बूच. शिवाय तिच्याच रक्तातला द्रव वेगळा करून, पातळ करून बनवलेले सीरमचे थेंब. अश्रूंमधले जखम भरून काढणारे काही घटक रक्ताच्या सीरममध्येही असतात, म्हणून. हे थेंब पुण्याहून बनवून आणावे लागतात आणि थंड ठेवावे लागतात. गेल्या मे महिन्यात सांगलीत दुपारभर वीज गेली तेव्हा तिने ती बाटली शेजारच्या इन्व्हर्टरवाल्या घरी नेऊन ठेवली. शेजारीण म्हणाली, "काय आहे हे?"

"माझं रडणं आहे," आत्या म्हणाली, "दह्याच्या भांड्याशेजारी ठेवू नकोस, सांडेल."